झुंजाला न्यायला कोणी येईना

ती. रघुनाथमामांस,

लिंबायतहून तुमच्या भाचीचा, योगिताचा, वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे बरे आहेत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. (फोनवर तुम्ही 'बरं बरं' म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र.)

मी मोबाइलवर ऐकायची साहसमालिका लिहिते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नायिका झुंजा, घर सोडून निघालेली तलवारबाज मुलगी. तिने डोंगर ओलांडले, महानागाचा फणा छाटला, राक्षसाला त्याच्याच किल्ल्यात लोळवलं. आता तिने काचेच्या नगरीकडे निघायचं. पण प्रत्येक भाग मी आधी आईला वाचून दाखवते, आणि ती साड्यांना खडे चिकटवायला बसली की शेजारच्या उषाबाईही येऊन बसतात. (हात साडीवर, कान माझ्या राक्षसाकडे.) दोघींनी फर्मान काढलं, आखाजीचा सण आला, सासरच्या लेकी माहेरी येतात, झुंजालाही माहेरी आणा. बरं, आणते. तर म्हणे, एकटी कशी येईल, भाऊ न्यायला गेला पाहिजे. मी म्हटलं, अहो, तिचं लग्नच झालेलं नाही! उषाबाई म्हणाल्या, "घर सोडीसन गयी ना? मंग लेवाले कोनी नको का?"

तेव्हापासून झुंजा किल्ल्याच्या उंबऱ्यावर बसून आहे. ऐकणारे विचारतात, ही लढाई आहे की एसटीचा थांबा? मालिकावाले म्हणतात, सोमवारपर्यंत बाई हलली नाही तर मालिका बंद. शेवटी वैतागून मी तिला एक भाऊ दिला. पण तो पडला राजा, त्याला शंभर कामं, म्हणून त्याने स्वतः न जाता उडता रथ पाठवला. चांगला सोन्याच्या घुंगरांचा! आईने हातातली साडी बाजूला टाकली. "भाऊ येत नही, गाडी धाडी देस. हाई काय माहेर शे?" एवढं बोलून ती आत गेली ती जेवायलाही बाहेर येईना.

मामा, गेल्या आखाजीला तुम्ही फोन केला होता, की गाडीत बसून ये, अमळनेर स्टेशनवर रिक्षा पाठवतो. आई गेली नाही. पाय दुखतात म्हणाली. पाय ठणठणीत होते. आमच्यासाठी आमरस केला आणि स्वतः चाखलासुद्धा नाही. तेव्हा मला कळलं नव्हतं, आता कळलं, आणि खरं सांगते, तुमचा राग आला. मोठे आहात म्हणून एवढ्यावरच थांबते.

तुमची,
योगिता

ता.क. मालिकेचं माझं मी बघून घेईन. तुम्ही आईला न्यायला या. रिक्षा नको, तुम्ही.

ता.क. आई मागे उभी राहून वाचते आहे. म्हणते, मामाला असलं काही लिहू नको, मला कुठेही जायचं नाही. फक्त एवढं विचार, जाताना गाडीत कुरडयांचा डबा त्याच्या मांडीवर राहील का, माझ्या मांडीवर पिशवी असेल.