सिग्नेने दाबलं!

सोमवार, ६ ऑक्टोबर

सकाळी कॉफीचा पहिला घोट घेतला आणि माझं आयुष्यच फिरलं — कॉलेजातल्या माझ्या सिग्नेने क्लिक केलं!

लोकरीच्या दुकानाचा जाहिरातीचा मेल आमच्या कंपनीने पाठवला. कोणी काय दाबलं, पुढे विकत घेतलं का, ते बघणं माझं काम. यादीत तिच्या ऑफिसचा ईमेल पत्ता. मी कॉलेज सोडलं तेव्हापासून तिचा एक शब्द नाही. आणि आज मेल जातो न जातो तोच — मोजे, टोप्या, स्वेटर, सगळं दाबलं! लोकर कशी धुवावी तेसुद्धा! ते कोण वाचतं? म्हणजे मी इथे काम करतो हे तिला माहीत आहे!

विकत काहीच घेतलं नाही. म्हणजे मोजे नकोच होते तिला!

मंगळवार, ७

बिर्गिटने मेलच्या तळाशी नवी चौकट टाकायला लावली. 'मेल बंद करा', आणि खाली 'कारण सांगाल?' मी म्हटलं, जाणारा माणूस कारण लिहीत बसतो का?

"तू कॉलेज सोडताना कारण सांगितलं नाहीस, म्हणून कोणीच सांगत नाही असं नाही." टोमणा! बॉस आहे म्हणून ऐकून घेतलं.

बुधवार, ८

केलं. आजच्या नव्या मेलमध्ये, फक्त सिग्नेच्या प्रतीत, टोप्यांच्या खाली — 'शुक्रवारी पाचला, बंदरावर, आपल्या बाकावर? — तुझा येप्पे.' दोन बटणं: 'येते' आणि 'नको'.

'येते' दाबलं!! लगेच! 'नको'कडे मी बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवार, १०

आली नाही. वाऱ्याने कान बधिर. तिच्यासाठी नेलेला दालचिनीचा रोल समुद्रपक्ष्याने पळवला. खोटारडी! मग दाबलंस कशाला?

सोमवार, १३

शेजारच्या टेबलावरच्या अस्गेरला दाखवलं. तो हसतच सुटला.

"अरे येड्या, विमा कंपनीतला पत्ता ना हा? तिथे आलेल्या मेलमधली प्रत्येक लिंक आधी यंत्र उघडून बघतं, व्हायरस आहे का म्हणून. 'नको' बघ बरं."

बघितलं. तेही दाबलेलं. त्याच क्षणी.

"यंत्र सगळं दाबतं, बाबा. लिहीत तेवढं नाही."

आठवडाभर मी यंत्रावर जीव टाकत होतो!

त्याचं खिदळणं बिर्गिटच्या कानावर गेलं. "गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये स्वतःचं प्रेम? उद्या चारला दुकानवाले येतायत. त्यांच्यासमोर माफी माग. नाहीतर टेबल रिकामं कर."

मंगळवार, १४

सिग्नेने मेल बंद केला. या वेळी यंत्र नाही. कारणाच्या चौकटीत लिहिलंय —

"आठवडाभर तापाने पडून होते, आज बघितलं. असा मागून डोळा ठेवत जाऊ नकोस, येप्पे. बोलायचंय तर समोर बोल. चारला त्याच बाकावर आहे. फार थांबणार नाही."

दुकानवाले आलेत. बिर्गिट हाका मारतेय.

कोट घातला. वही खिशात टाकतो, आणि ऑफिसचं बाहेरचं दार ओढून घेतो — सगळ्यांना ऐकू जाईल असं.