टाकीकडचा ठिपका

हेंद्रेपाडा, बदलापूर
गुरुवार, दुपारी

प्रिय अभिजीत,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून श्रद्धाच्या जुन्या वहीची पानं फाडून लिहायला बसले आहे. ती उद्या सकाळी मिरजेला निघते आहे. हे पत्र ती तुझ्या हातात देईल आणि तू शेवटपर्यंत वाचेस्तोवर तुझ्यासमोरून हलणार नाही, असं मी तिला बजावलंय. माझीच लेक आहे ती, तिच्या हट्टापुढे तुझं काही चालायचं नाही. तेव्हा मुकाट्याने वाच. मधेच घडी घालून खिशात टाकायचं नाही.

आधी बातमी देते. आपलं नदीकाठ मंडळ उल्हास फुटबॉल चषकाच्या फायनलला पोचलंय. सोळा वर्षांनी! रविवारी चार वाजता, आपल्याच मैदानावर, आणि समोर पुन्हा तेच, कारखानेवाल्या हरेशशेठचं कॅम्प चार मंडळ. घरात कुणाशी धड बोलत नाही मी. काल एका ब्लाउजला दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या लावल्या. तीस वर्षं शिवणकाम करते आहे, असं कधी झालं नव्हतं.

दुसरी बातमी वाईट आहे, पण ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. मंडळाला यंदा तीस वर्षं झाली, म्हणून मैदानाच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या कर्णधारांची नावं रंगवायची ठरलीत. शनिवारी पेंटर येईल, रविवारी मॅचआधी नारळ फुटेल. मंगळवारी बैठकीत यादी वाचली. त्यात तुझं नाव नाही. तुझी चार वर्षं सरळ गाळली आहेत. कुणीतरी म्हणालं, शालनताईंचा भाचा आहे, त्यांना विचारा. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी, जी रेफरीलासुद्धा ऐकवल्याशिवाय राहत नाही, ती खाली मान घालून चटईच्या काड्या मोजत बसले. माझ्या गप्प बसण्याला त्यांनी होकार समजलं.

यंदाच्या मॅचेस कशा झाल्या ते सांगते, म्हणजे मी कुठल्या अवस्थेत आहे ते तुला कळेल. पहिली अंबरनाथ पूर्वला, अंबर स्पोर्टिंगशी. पंच्याऐंशी मिनिटं एकही गोल नाही. आपली पोरं गोलपर्यंत जायची आणि तिथे पोचल्यावर पत्ता विसरल्यासारखी उभी राहायची. मी इतकी ओरडले की शेजारच्या बाईने मला पाण्याची बाटली दिली आणि स्वतः चार पावलं लांब जाऊन बसली. मग कॉर्नरवर अमितने, आपल्या यंदाच्या कर्णधाराने, डोकं लावलं आणि चेंडू आत. मी उडी मारली तेव्हा एक चप्पल गेली ती गेलीच. एका चपलेने रिक्षात बसून घरी आले आणि आनंदात होते.

दुसरी मॅच आपल्याकडे, वांगणीच्या संघाशी. दोन गोलांनी पुढे होतो. मी मनातल्या मनात पेढ्यांची चव घेत होते, तेवढ्यात दहा मिनिटांत दोन्ही फेडले त्यांनी. बघवेना, म्हणून टाकीच्या मागे जाऊन मैदानाकडे पाठ करून बसले. आपल्या लोकांचा आवाज आणि समोरच्यांचा आवाज मला वेगवेगळा कळतो रे. चेंडू कुठे आहे, कुणाच्या पायात आहे, सगळं न बघता कळतं. तिसरा गोल आपला झाला तो मी असाच पाठ फिरवून ऐकला. तुझे आतोबा असते तर हसले असते. म्हणायचे, तुला तिकीट अर्धंच पडायला हवं, अर्धी मॅच तू डोळे मिटूनच असतेस.

त्यांची आठवण आली की ती दोरी आठवते. निळी नायलॉनची, जागोजागी गाठी मारलेली. गोलच्या रेषेपासून छत्तीस फुटांवर जी दुहेरी गाठ, ती पेनल्टीच्या ठिपक्याची. मॅचच्या सकाळी ते दोरीचं एक टोक मला धरायला लावायचे आणि बादलीतली पांढरी फक्की मुठीतून सोडत मैदान आखायचे. नदीकाठच्या वाळूत तुला पेनल्टी शिकवली तीही त्याच दोरीने. तू आठ-नऊ वर्षांचा असशील. पाच पावलं मागे जायचं, एकदा श्वास सोडायचा, डाव्या कोपऱ्यात खाली मारायचं. चेंडू ठेवल्यावर वर बघायचंच नाही, अंतर पायांना पाठ पाहिजे, असं ते सांगायचे. तुझ्या पायांना ते पाठ झालं. ते गेल्यावर आखणी माझ्याकडे आली आणि कुणी एका शब्दाने हरकत घेतली नाही. शिंप्याचं काम करणारी बाई, हिचं माप बोटभर चुकणार नाही, असं अख्खा हेंद्रेपाडा म्हणायचा.

मागच्या रविवारी सेमी झाली, आपल्याकडेच, विठ्ठलवाडीशी. एक-एक बरोबरीत, वीस मिनिटं उरलेली, आणि आपल्याला पेनल्टी. पूर्वी पेनल्टी मिळाली की आपण आधीच नाचायचो, कारण मारणारा तू होतास. आता कुणी पुढे येईना. सगळे बुटांच्या नाड्या बांधायला लागले. शेवटी अमित गेला. मी पदराचं टोक दातात धरलं, आणि या वेळी डोळे मिटले नाहीत, कारण मला त्या ठिपक्याकडे बघणं भाग होतं. सकाळी टेपने तीनदा मोजला होता तो. गोल झाला. सगळे नाचले. आणि माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "बघ, अशी मारायची असते. त्या अभिजीतसारखी विकायची नसते."

एरवी मी त्याचं तोंड फोडलं असतं. या वेळी ठिपक्याकडेच बघत राहिले. नवसू, आपला बारवीकडच्या वाडीवरचा गोलकीपर, माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आत्या, त्याला सांग ना यायला. माझ्या डोल्यांपायीच बाजू बदलली त्यानं. मला झोप नाय लागत." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी जिंकलेल्या मॅचवरून रडत रडत घरी आले.

आता गेल्या वर्षीची सेमी, आपल्याच मैदानावरची, कॅम्प चारशी. तुला ती पाठ आहे, तरी लिहिते, कारण तू ती एका बाजूनेच पाहिली आहेस. आपला शिरस्ता तुला माहीत आहे. नाणेफेक जिंकली की दुसऱ्या हाफात टाकीच्या विरुद्ध टोकाच्या, पिंपळाकडच्या गोलवर चाल करायची. म्हणजे शेवटची पंचेचाळीस मिनिटं समोरचे टाकीच्या गोलवर येणार. त्या दिवशी नवसूचे डोळे आले होते, लाल झाले होते. दुसऱ्या हाफात टाकीच्या गोलमध्ये उभं राहिलं की मावळतीचं ऊन थेट तोंडावर येतं. तू नाणेफेक जिंकलास आणि त्याला ऊन लागू नये म्हणून शिरस्ता मोडून बाजू बदललीस. सगळे म्हणाले, वा रे कर्णधार. मीच तेवढी जागेवरून उठून उभी राहिले होते. तू हसून मला हात केलास. तुला वाटलं, आत्या शाबासकी द्यायला उठली.

मग ते सगळं झालं. एका गोलने मागे, बारा मिनिटं बाकी, टाकीच्या गोलवर आपल्याला पेनल्टी. तू चेंडू ठेवलास, वर बघितलं नाहीस, पाच पावलं मागे गेलास, डाव्या कोपऱ्यात खाली मारलंस. त्यांच्या गोलकीपरची बोटं जेमतेम लागली, चेंडू खांबाला आपटून बाहेर गेला. मॅच गेली. आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की हरेशशेठच्या कारखान्यात सुपरवायझरची नोकरी याला आधीच ठरली होती, मग पेनल्टी जाणार नाही तर काय. तू ती नोकरी घेतली नाहीस, पण तोवर उशीर झाला होता. हरेशशेठ स्वतः येऊन सांगून गेले, "साईं, हमारे बीच ऐसी कोई बात नहीं हुई." त्यांचं कोण ऐकतो! दादा, तुझे बाबा, तेव्हापासून मैदानाच्या रस्त्याने जात नाहीत. लांबचा वळसा घालून स्टेशनला जातात.

पण मला गावाचं बोलणं तेवढं खुपत नाही जेवढं तुझं एक वाक्य खुपतं. मॅच संपल्यावर सगळे गेले, तू टाकीकडे एकटा उभा होतास, ठिपक्याकडे बघत. मी जवळ आले तर म्हणालास, "आत्या, लांब वाटलं गं." आणि मी म्हणाले, "काहीतरीच काय! मी मोजलंय." तू मान हलवलीस. आत्याने मोजलंय म्हटल्यावर तुझा तुझ्या पायांवरचा विश्वास उडाला. दुसऱ्या आठवड्यात बूट नवसूला देऊन तू मिरजेला गेलास.

अभिजीत, आता खरं काय ते सांगते. त्याच्या आधीची दोन वर्षं कॅम्प चारने आपल्याला हरवलं ते शेवटच्या दहा मिनिटांतल्या पेनल्टीवर. त्यांचा तो प्रेम डी-मध्ये पडायचा आणि उठून स्वतःच गोल मारायचा. त्यातलं पहिलं वर्ष तुझ्या आतोबांचं शेवटचं होतं. चषक बघायची त्यांची इच्छा तशीच राहिली. माझ्या डोक्यात ते बसलं होतं. त्या सकाळी मी एकटी आखणी करत होते. पिंपळाकडचा ठिपका दोरीच्या गाठीवर टाकला. टाकीकडे आले आणि गाठीवर मूठ उघडलीच नाही. गोलपासून आणखी मोठं एक पाऊल मागे गेले आणि तिथे फक्की सोडली. पहिल्या हाफात आपल्याला पेनल्टी मिळते कुठे, दुसऱ्या हाफात प्रेम पडणार, आणि त्याने मारलेला चेंडू आपल्या नवसूच्या हाताला लागणार, एवढा साधा हिशोब. रेफरीने जाळ्या ओढून बघितल्या, चेंडू दाबून बघितला. माझं माप कोण तपासणार!

तू बाजू बदललीस तेव्हा मला ओरडायचं होतं, पण ओरडून सांगू काय? हाफ टाइमला पुसट रेषांवर पुन्हा फक्की टाकायची असते, तेव्हा बादली घेऊन धावत टाकीकडे गेले. ठरवलं होतं, जुना ठिपका पायाने पुसायचा, खरा टाकायचा. पण रेफरी तिथेच खांबाला टेकून पाणी पीत उभा होता. त्याच्यासमोर ठिपका सरकवायची माझी हिंमत झाली नाही. प्रेम जाता जाता म्हणाला, "मौसी का काम एकदम पक्का." आणि मी त्याच चुकीच्या जागेवर दुसरी मूठ सोडली. चांगला ठसठशीत केला. तू चेंडू ठेवलास तो त्याच्यावर.

वर्षभर मी स्वतःला सांगत होते, की बोलले तर मंडळ बाद होईल. चषकाचा नियम आहे, यजमान मंडळाने मैदानात लबाडी केली तर संघ बाहेर. मी कशी माझ्याच मंडळाच्या मुळावर येऊ? पण मंगळवारी बैठकीत कळलं की मंडळ वाचवायला मी तुला भिंतीवरून पुसायला निघाले आहे. आज सकाळी अंबरनाथला चषक समितीच्या संजीवनी मॅडमकडे गेले आणि सगळं लिहून सही करून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, रविवारी नदीकाठ खेळणार की नाही ते शनिवारी संध्याकाळी कळवू, मागच्या वर्षीची शिक्षा यंदाच्या पोरांना द्यायची का, यावर समिती बसेल. तिथून अमितकडे गेले. त्याने सगळं ऐकलं आणि फक्कीची बादली आणि दोरी मागून घेतली. म्हणाला, "नाव लागेल त्याचं, चारही वर्षं. मी बघतो. पण आत्या, रविवारी तू मैदानावर येऊ नकोस." मी बरं म्हटलं. दादांनाही सांगितलं. ते मघाशी मैदानाच्या रस्त्याने स्टेशनकडे गेले, मी खिडकीतून पाहिलं.

तर हे पत्र माफीसाठी नाही. माफी मागायला तोंड नाही माझ्याकडे, आणि तू दिलीस तरी मी कुठे ठेवू! फायनल झाली तर मी घरी पाठ करून बसेन आणि ऐकेन, हरलो की जिंकलो ते आवाजावरून कळेलच. तू मात्र ये. मॅच नसली तरी ये. अमितकडून दोरी घे, टाकीकडच्या गोलपासून ताण, दुहेरी गाठ कुठे येते ते बघ आणि तिथून पाच पावलं मागे जा, पायांना अंतर अजून पाठ असेल. विकला गेला नव्हतास हे गावाला आता कळेल, पण तू स्वतःलाच चुकलो म्हणत बसला आहेस, ते मला एकटीलाच ठाऊक आहे, आणि तेवढ्यासाठी लिहिलं. त्या दिवशी तुला लांब वाटलं ना, ते लांबच होतं.

तुझीच,
शालन आत्या