कुसुमचे पुढचे दात

येरमाळा, गुरुवार, डिसेंबर १९६१

जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले. माझ्या कुसुमचे बाहेर आलेले पुढचे दोन दात उपटून टाकायचे, असं सासूबाईंनी ठरवलंय. "पोरीचे व्हट मिटत न्हाईत. उद्या कोण करून घेणार हिला?" यांनीही मान डोलावली. मी उठून भांडी घासायला गेले. का गेले?

मागं तिला दाखवायला नेलं, तेव्हा सोलापूरचे दातांचे डॉक्टर वेगळंच सांगत होते. त्यांनी तिला घोटभर पाणी दिलं आणि बोटांनी ओठ बाजूला धरले. गिळताना तिची जीभ दातांना पुढं रेटत होती. म्हणाले, "दातांना तार बसवली की ते मागं येतील. पण जीभ टाळूला टेकवून गिळायची सवय लावा, नाहीतर ती पुन्हा ढकलील." तेव्हापासून पोर प्रत्येक घासाला ओठ मिटायला बघते. ओठ थरथरतात, पण मिटत नाहीत.

आज भाकरी करताना तिलाच विचारलं, "काढायचे का गं दात?"

तोंडावर हात धरून म्हणाली, "दात काढल्यावर जीभ कुठं थांबंल, आई? ती तर बाहेरच येईल की."

हे मला कसं सुचलं नाही? तवा उतरवला आणि तशीच ओसरीवर गेले. "दात काढायचे नाहीत. मी तिला सोलापूरला नेणार." आवाज चढला होता माझा. हे बघतच राहिले. सासूबाई उठून आत गेल्या, अजून बोललेल्या नाहीत.

त्या बोलोत न बोलोत, शनिवारच्या एसटीनं आम्ही निघणार.