चौथा काटा

सोमवार, ता. ४

सामान आज पोचलं. दोन लोखंडी ट्रंका, गाद्यांची वळकटी, भांड्यांचं खोकं, शिवणयंत्र आणि देवांची पेटी. ती मी मांडीवरच आणली. गाडीभाडं एकशे वीस, हमाली पंधरा. हमाल वीस मागत होता, पण शिवणयंत्राचा पाय वाकवून वर पाच जास्त कसले? एक कपबशी फुटली, ती हिशेबात धरली नाही.

जागा मात्र झकास. भूकंपमापन केंद्राचं क्वार्टर, समुद्रावरच्या उंचवट्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे नळ. खाली तळघर आहे, त्यात यंत्र ठेवलंय, तिथे आपण जायचं नाही. भाडं नाही, वीज फुकट. ह्यांची पेन्शनीआधीची ही शेवटची बदली. उशिरा का होईना, देवाने हवेशीर घर दिलं. स्वयंपाकघरातून नळाकडे जायच्या वाटेवर भिंतीत कोनाडा आहे, तिथे देव मांडले. जाता-येता थांबून हात जोडता येतील. महिनाअखेर आमची चिंगी पहिल्या बाळंतपणाला यायची आहे. समुद्राकडची खोली तिच्यासाठी झाडून ठेवली.

बुधवार, ता. ६

ह्यांचं काम म्हणजे कागद बदलणं. शेजारच्या खोलीत चार ढोल सावकाश फिरतात, त्यांवर कागद, आणि कागदावर चार काटे शाईची रेघ ओढत असतात. पहिला काटा समुद्रातल्या खंदकाच्या तळाचा, दुसरा खंदकाच्या उताराचा, तिसरा किनाऱ्याजवळचा, चौथा आमच्या तळघरातल्या यंत्राचा. समुद्रातून तार ओढून आणली आहे.

डबा द्यायला गेले तर मोठे साहेब विचारतात, वहिनी, शाळेत भूगोल होता का? म्हटलं, मॅट्रिकला होता, पस्तीस मार्कांपुरता. मग त्यांनी डब्याच्या दोन ताटल्या घेऊन समजावलं. एक ताटली समुद्राचा तळ, दुसरी जमीन. नखं वाढतात त्या गतीने तळ जमिनीखाली सरकतोय, आणि जिथे आत शिरतो तिथे खंदक. तळावरचा गाळ वरच्या ताटलीच्या काठाला खरवडला जाऊन तिथेच त्याचा ढीग होतो. खाली गेलेला दगड ओला असतो, दाब पडला की त्याचं पाणी सुटून वर येतं. कुठे कुठे ताटल्या एकमेकींत अडकतात. मग खालची वरचीला ओढत राहते, वर्षानुवर्षं, आणि एक दिवस अडकलेलं सुटतं. खाली ओढलेलं उसळून वर येतं. तोच भूकंप. आमच्या घराखालीही तोच तळ आहे म्हणे, फक्त फार खोल.

ऐकूनच दमले. घरी येऊन त्या ताटल्या दोनदा घासल्या.

रविवार, ता. १०

माझा डावा गुडघा दुखरा, त्यामुळे एक पाऊल जड पडतं, एक हलकं. चौथ्या काट्याला ते कळतं! साहेबांनी कागदावर दाखवलं. उंच टोक, बुटकं टोक, उंच, बुटकं, मग मोकळी जागा. ती मी कोनाड्याशी थांबते ती. साहेब ह्यांना म्हणाले, तुमच्या घरात बायकोवर पाळत ठेवायला वेगळा माणूस नको. हे म्हणाले, पाळत कसली, ती कधी बसली तर मला कळवा. मग साहेबांनी दुपारी थोडा वेळ हलू नका अशी विनंती केली, रेघ स्वच्छ हवी म्हणून. बसा म्हणणारा मला जन्मात भेटलेला हा पहिलाच साहेब.

गुरुवार, ता. १४

जेवताना हे म्हणाले, आज गंमत झाली. पहिल्या काट्याने तुझी चाल काढली. उंच, बुटकं, उंच, बुटकं. खंदकाच्या तळाशी! साहेब म्हणाले, तारांची सरमिसळ झाली असेल. तारा काढून पुन्हा जोडल्या, तरी तेच.

मी हसले, पण हसायचंही त्राण नव्हतं. इथे आल्यापासून अंग जड झालंय. सकाळी उठले तर रात्रीची भांडी घासून पालथी घातलेली. मला वाटलं ह्यांनीच घासली, आणि डोळे भरून आले. हे म्हणतात, मी? तूच घासून विसरली असशील. वाळलेल्या भांड्यांवर पांढरे ओघळ होते. बोट लावून चाखलं. खारट.

सोमवार, ता. १८

आता दुसरा काटा. उतारावरचा.

केर निघालेला होता, पाणी भरलेलं होतं. लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. कोणीतरी माझं काम करतंय, करू दे. मी दुपारभर पडून राहिले. उठवेना. गादीच मला खाली ओढत होती.

ह्यांनी एक गोष्ट सांगितली ती मनातून जात नाही. त्या रेघेत सगळं माझ्यासारखं आहे, फक्त मधली मोकळी जागा नाही. ती चाल कोनाड्याशी थांबत नाही.

बुधवार, ता. २०

तिसरा काटा. किनारा.

साहेब कागद घेऊन हेड ऑफिसला गेले. मी ह्यांना म्हटलं, चिंगीला येऊ नको म्हणून कळवू या. हे चिडले. पेन्शनला सहा महिने राहिलेत, आता काय लिहू, यंत्र बिघडलं की बायको बिघडली?

तळघराच्या दारापासून नळापर्यंत ओली पावलं. वाळून पांढरी झाली. उजवं ठळक, डावं पुसट. माझ्याच मापाची. देवापुढून सरळ निघून गेलेली. मी फडकं घेतलं, पण वाकवेना. दिव्यात तेल घालून जप करत बसले.

शुक्रवार, ता. २२

आज मी ढोलांच्या खोलीत खुर्चीवर बसून होते. घरात कोणी नव्हतं. चौथा काटा हलू लागला. उंच, बुटकं, उंच, बुटकं. मोकळी जागा नाही.

ह्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग शाईची बाटली पुसू लागले.

मी घरी आले, स्वयंपाकघर ते नळ मुद्दाम पाय आपटत चालले. कोनाड्याशी थांबले. परत जाऊन विचारलं. काटा हललाच नव्हता म्हणे. शाई संपली असेल म्हणाले. शाई संपली नव्हती. मी पाहिली.

लंगडत फाटकाशी गेले, चिंगीला येऊ नको म्हणून लिहिलेलं पत्र पोस्टमनच्या हाती द्यायला. तो म्हणाला, मावशी, सकाळीच तर दिलंत एक. लवकर निघून ये असं लेकीला लिहिलंय म्हणून सांगितलंतही. आज फार ओढलेल्या दिसता, सकाळी किती टवटवीत होतात.

मी दिलं नव्हतं. माझं पत्र हातातून केव्हा पडलं कळलं नाही. माझ्या पायाखालच्या ओलीत पान भिजून लगदा झालं.

शनिवार, ता. २३

हे जेवले. वाढलं कोणी —

स्वयंपाकघरातून ह्यांचं हसणं ऐकू आलं. किती दिवसांनी हसले. म्हणत होते, आज गुडघा बरा दिसतो. मी दारातून हाक मारली. ह्यांनी मान वर केली नाही. पुन्हा मारली —

रविवार, ता. २४

दिवा विझलेला. तेल होतं. पेटवला.

उंबरठा उंच झाल्यासारखा वाटतो. उंबरठा नाही. मीच —

खालची वरचीला ओढते. साहेब म्हणाले होते. आणि मग सुटलं की —

तिचे पाय आता ओले नाहीत.

सोमवार, ता. २५

चिंगे, वेगळा कागद घेण्याइतका वेळ नाही. हे पान फाडून पोस्टमनच्या पिशवीत सरकवते. पिशवी फाटकाला टांगलेली आहे. तो नळावर पाणी पितोय. ती त्याला पाणी देते आहे. तिला मावशी म्हणतोय.

बाळा, आधीचं पत्र माझं नव्हतं. येऊ नकोस. निघाली असशील तर वाटेतून परत फीर. दारात मी उभी दिसेन, हसेन, पोटावरून हात फिरवीन. आत येऊ नकोस. देवापुढे थांबते का तेवढं बघ. नाही थांबली तर ती मी नव्हे. तुझ्या बाबांना काही सांगायला जाऊ नकोस, त्यांना ती —

खोली समुद्राकडची आहे. बाळाला तिथे —

पाय मातीत घोट्यापर्यंत गेलेत. पिशवी हाताला लागते आहे अजून. ती इकडे वळली. उंच, बुटकं —

हे मिळताच उलट टपाली दोन ओळी टाक, बाकी काही नको, एवढंच कळव की तू अजून निघालेली ना