अठ्ठावीसशे नावांचा कागद

दि. ४ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझ्या शोधाचा कच्चा कागद पोचला. मजकूर बारा पानं आणि नावंच वीस पानं! नाकापेक्षा मोती जड. काकूने भिंग धरलं, मी बोट, आणि तिसऱ्या दिवशी तू सापडलीस. माणसं अठ्ठावीसशे एकेचाळीस! मी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या. कुणाचं नाव मोठं यावरून सख्खे भाऊ भांडायचे. इथे सगळी एका मापाची, मुळाक्षरांच्या रांगेत. यातला मुख्य कोण? काकू म्हणते, बहुतेक स्वयंपाक्यालाही घेतलंय. आणि खरं सांग, यात तुझं काय?

माया आहेच, तिला पत्रांचं खतपाणी असू दे.

तुझा काका

दि. १५ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

मुख्य बाईंचं नाव चारशे दोनावं आहे. रांग त्यांनाही चुकत नाही. स्वयंपाकी नाही, पण भुयारातल्या यंत्राची वर्षभर सेवा केल्याशिवाय कुणाचंच नाव लागत नाही. मी तारांचं एक कपाट सांभाळलं. कुठल्या तारेतून खूण किती उशिरा येते, ते नोंदवलं. त्यावरून एका इवल्या कणाचं वजन काढलंय, म्हणून माझं नाव. पहिल्यांदाच!

छापण्याआधी महिनाअखेरपर्यंत सगळ्यांनी वाचायचं, कुणीही हरकत घ्यायची. काका, हरकत मलाच सापडलीय. एका तारेचा उशीर मी दोनदा वजा केला. चूक तिळाएवढी, कुणाला दिसणारही नाही. सांगितलं तर सगळ्यांचं काम थांबेल, आणि मला नोकरीत ठेवायचं का, ते पुढच्याच महिन्यात ठरतंय. शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणतो, गप्प बस, एवढ्या गर्दीत तुला कोण विचारतंय!

काकूला नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची खारू

दि. २० मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

मित्राला म्हणावं, तीळ सात जणांत वाटून खातात, पण सांगून. हा तू अठ्ठावीसशे चाळीस जणांना न सांगता भरवणार. त्यांनी तुला पाहिलेलंसुद्धा नाही, तरी तुझ्या आकड्यावर आपलं नाव ठेवलं. पोरी, एवढा भरवसा ऐकूनच माझी छाती दडपली. नोकरी गेली तर माळ्यावर तुझी खाट आहे. पण आधी सांग, मग ये.

जशी आहेस तशी आमचीच.

काका

दि. ११ मे

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

सांगितलं, सगळ्यांच्या बैठकीत. पडद्यावर सातशे चेहरे होते. बाईंनी एवढंच विचारलं, की तार कोणती. कागद थांबला. त्या एका तारेपायी सहा आठवडे सगळं गणित नव्याने झालं! काहींनी आठ्या घातल्या. मित्राने तर दोन दिवस अबोला धरला. शेवटी वजन हललं, तेही दशांशाच्या पाचव्या घरात.

मला नोकरीत ठेवून घेतलंय. काम? दुसऱ्यांच्या नोंदी तपासायचं. काकूला सांगा, ती हसेल.

काल एका अनोळखी आजोबांचं पत्र आलं. भुयार खणलं तेव्हापासूनचे, आता अंथरुणावर आहेत. रांगेत माझ्यापुढे तीनच नावं सोडून त्यांचं नाव आहे. लिहितात, की हा त्यांचा शेवटचा कागद. चुकीच्या आकड्याशी त्यांचं नाव जाऊ दिलं नाही, म्हणून माझे आभार.

माझे! उत्तराला बसले. नुसता नमस्कार लिहिला, तोही उठून उभी राहून.

तुमची
खारू