एका घराला एक संच

प्रिय पावशेर,

जिंकलो! आधी एवढं वाच, मग खुर्ची ओढून बस, मग पुढचं वाच. काल सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ग्राहक न्यायालयात माझ्या बाजूने निकाल लागला. वकील न करता! समोर कंपनीचे दोन वकील, त्यांच्या बॅगा उचलायला तिसरा माणूस, आणि इकडे शाळा अर्धवट सोडलेला, वजनकाटे दुरुस्त करणारा मी एकटा, काखेत निळी फाईल. तू असतीस तर कपाळाला हात लावून म्हणाली असतीस, "झालं, आता इन्स्पेक्टरसाहेब महिनाभर हेच ऐकवणार." महिनाभर नाही, या पत्रापुरतंच ऐक. सात वर्षांनी तुला लिहितोय, अक्षर जरा हललंय. ते आनंदाने, वयाने नव्हे. आज सकाळीच औषधवाल्याचा मिलिग्रॅमचा काटा जुळवलाय, तेव्हा हाताची खात्री आहे.

आपण मिळून घेतलेले ते एकशे त्रेचाळीस सिनेमे आठवतात ना? दर रविवारी दुपारी, भांडी आवरून झाली की तू सोफ्याच्या डाव्या टोकाला पाय पोटाशी घेऊन बसायचीस आणि सिनेमा निवडायचीस. बटण दाबायचं काम माझं. पडद्यावर दोन बटणं असायची, 'भाड्याने घ्या' आणि 'विकत घ्या'. तू म्हणायचीस, अहो, एकदाच तर बघायचाय, घ्या भाड्याने. आणि मी ऐटीत विकत घ्यायचो. वस्तू कशी आपली हवी! प्रत्येक खरेदीची पावती छापून, भोकं पाडून मी फाईलला लावायचो, त्यावरून तू किती चिडवलंस. त्याच पावत्यांनी काल मैदान मारलं.

झालं असं की या वर्षाच्या सुरुवातीला कंपनीचं पत्र आलं, 'आपला संग्रह महिनाअखेरीनंतर उपलब्ध राहणार नाही. समजूतदारपणाबद्दल आभार.' समजूतदारपणा? कुणी दाखवला होता? पहिल्या तारखेला टीव्ही लावला तर सगळे सिनेमे गायब, नुसता राखाडी पडदा. मी फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, अटी तुम्ही मान्य केल्या होत्या." म्हटलं ठीक, बघू तरी काय मान्य केलंय. त्रेसष्ट पानं छापून आणली. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली, सहा दुपारी. चौथ्या पानावर चोर सापडला. लिहिलं होतं, 'खरेदी' या शब्दाचा अर्थ सिनेमा पाहण्याचा मर्यादित, रद्द करता येण्याजोगा व दुसऱ्यास न देता येणारा परवाना असा समजावा. तूच सांग, मी कधी गिऱ्हाइकाच्या पावतीवर लिहिलंय का, की 'वजनकाटा' या शब्दाचा अर्थ मालकाला वाटेल तेव्हा परत नेता येणारं पत्र्याचं डबडं असा समजावा?

काल त्यांचा मोठा वकील उभा राहिला आणि हेच वाक्य झोकात वाचून म्हणाला, "मॅडम, अर्जदारांनी सिनेमे विकत घेतलेलेच नाहीत. त्यांनी फक्त बघायची परवानगी घेतली." मी फाईलमधून पडद्याचा फोटो काढून अध्यक्षबाईंसमोर ठेवला. म्हटलं, "हे बटण परवानगीचं, आणि शेजारचं भाड्याचं, तीही परवानगीच. मग दोन बटणं कशाला ठेवलीत, साहेब? शोभेला?" अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, फोटो बघितला, चष्मा पुन्हा चढवला आणि वकिलाला म्हणाल्या, "उत्तर द्या की." अगं, काय सांगू! मागच्या बाकावर फ्रिजच्या तक्रारीसाठी आलेल्या एका आजोबांनी चक्क टाळी वाजवली. वकील कागद चाळत राहिला. त्याला हवं ते पान त्या गठ्ठ्यात नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट मी वाचली होती.

मग त्यांच्या दुसऱ्या वकिलाने डाव टाकला. धाकटा, पण बेरकी. अट अकरावी, 'एक खाते, एक घर'. म्हणाला, या खात्यावर दोन टीव्ही चालतात, शहराच्या दोन टोकांना, सात वर्षं. अर्जदारांनीच अट मोडली आहे, तेव्हा दावा फेटाळावा. त्याच्या हातात कागद होता, त्यावर दुसऱ्या टीव्हीचा पत्ता असणार. तो माझ्याकडे सरकवू लागला तेव्हा मी म्हणालो, "तो उलटा ठेवा. तिने मला पत्ता दिलेला नाही." मी बघितला नाही, शपथेवर सांगतो. म्हणून तर हे पत्र हॉस्पिटलच्या, तुझी ड्यूटी असते त्या वॉर्डच्या पत्त्यावर पाठवतोय. लेकीलाही विचारलं नाही. आपल्या दोघांत तिची टपालपेटी करायची नाही हे ठरलंय ना.

म्हणजे आता तुझ्या लक्षात आलंच असेल. तू तिकडे आपल्याच खात्यावर सिनेमे बघतेस, हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षापासून. तू गेल्यावर चारेक महिन्यांनी मी तो दीपगृहवाल्या म्हाताऱ्याचा सिनेमा एक्केचाळीस मिनिटांवर थांबवून दुकानात गेलो होतो. पुढच्या रविवारी बघतो तर तो संपायला अकरा मिनिटं असताना थांबलेला. मला वाटलं टीव्ही बिघडला, मी मागचं झाकणसुद्धा उघडलं. आणि स्क्रू हातात असतानाच ट्यूब पेटली. म्हातारा बेट सोडून होडीत बसायच्या आधी सिनेमा बंद करणारं माणूस जगात एकच आहे. कायम तिथेच उठून जायचीस, पाणी पिऊन येते म्हणत. झाकण तसंच टाकून मी कितीतरी वेळ जमिनीवर बसून राहिलो, हसत. त्यानंतर सकाळच्या ड्यूटीचा आठवडा असला की तू साडेचारच्या सुमारास लावायचीस, दुपारची असली की सकाळी दहाला. तुझा अर्धवट राहिलेला सिनेमा मी कधी हलवला नाही. मध्ये एकदा सतरा दिवस काहीच हललं नव्हतं, तेव्हा जीव टांगणीला लागला होता. मग तू तो विदूषकांचा सिनेमा ओळीने दोनदा बघितलास आणि मी दुकानात गिऱ्हाइकाला पेढा द्यावा तसा फुकट काटा जुळवून दिला. पासवर्ड बदला अशी सूचना दर तीन महिन्यांनी यायची. अशा बाबतीत मी किती कडक, तुला सांगायला नको. अठ्ठावीस वेळा 'नंतर' दाबलं. तूही कधी बदलला नाहीस.

म्हणून भांडलो. सिनेमे काय, दुसरीकडे मिळाले असते.

तर अध्यक्षबाईंनी विचारलं, दुसरा टीव्ही कुणाचा? म्हटलं, बायकोचा. "त्या तुमच्याबरोबर राहतात?" मी म्हणालो, "सात वर्षं दोन महिने राहत नाहीत." धाकट्या वकिलाचा चेहरा उजळला. बाई म्हणाल्या, "मग त्यांचा टीव्ही खात्यातून काढून का नाही टाकलात?" म्हटलं, "गरज वाटली नाही." "कुणाला?" त्या म्हणाल्या. पावशेर, पहिल्यांदाच कुणीतरी मला प्रश्न विचारला आणि माझ्याकडे आकडा नव्हता.

त्या दिवशीचा आकडा मात्र होता. तुझी आई गेल्यावर घर भरून माणसं बसली होती आणि तू सांगत होतीस की बावीस दिवस ती हॉस्पिटलात होती, बावीस दिवस तू तिच्या उशाशी होतीस. मी म्हणालो, "एकवीस." सगळ्यांसमोर. वर भरतीची तारीखही सांगितली. तू माझ्याकडे बघितलंस आणि पुढचं सांगितलंच नाहीस. तसं तू कितीदा तरी बघितलं असशील आधी, पिठाच्या वजनावरून, चहाच्या मिनिटांवरून, पाहुण्यांना सांगायच्या प्रत्येक गोष्टीत मी मध्ये तोंड घालायचो तेव्हा. पण त्यानंतर महिन्याने तू दोन बॅगा भरल्यास. एकवीसच होते, हे मी अजूनही म्हणेन, मला खोटं येत नाही. पण तू तुझ्या आईबद्दल बोलत होतीस आणि मी कॅलेंडरबद्दल. एवढं कळायला मला इतकी वर्षं लागली, आणि ते कबूल करायला मी न्यायालयातून घरी येताना दोन स्टॉप आधी उतरून चालत आलो.

आता निकाल सांगतो, कारण पत्र त्यासाठीच आहे. कंपनीने एकशे त्रेचाळीसही सिनेमे कुलूप न लावता एका डिस्कवर भरून द्यायचे. पुन्हा कुणी ते काढून घेऊ शकणार नाही, कंपनी राहो वा बुडो. पण अट अकरावी बाईंनी कायम ठेवली. एका घराला एक संच. तो कुठल्या घराला जाणार ते आपण दोघांनी मिळून एका अर्जावर लिहून द्यायचं, चोवीस तारखेच्या आत. अर्ज सोबत जोडलाय. माझी सही मी करून टाकलीय, जिथे जिथे लागते तिथे. पत्त्याचा रकाना कोरा आहे, त्याखालचा 'त्या घरात राहणाऱ्या व्यक्तींची संख्या' हाही कोरा आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या कागदावर कोरा रकाना ठेवून सही केलीय. तुझा पत्ता घालून 'एक' लिही आणि पाठवून दे. संच तुझा, माझी हरकत नाही, आणि मी मनापासून म्हणतोय. 'दोन' लिहावंसं वाटलं तर पत्ता कुठलाही घाल, तुझा किंवा इथला, मला दोन्ही चालतील. फक्त अर्जाच्या तळाशी 'वरील माहिती खरी आहे' असं छापलंय. आज पाच तारीख. खरी करायला एकोणीस दिवस आहेत. तू वीस म्हणालीस तर मी वीस धरीन.

कागदावर अजून नवरा, आणि त्याहून थोडा जास्तच तुझा,
इन्स्पेक्टर