खुंटीवरची टोपी

अण्णा, आज कोर्टाच्या पायरीशी एकाला तुमचीच वाक्यं ऐकवली, म्हणून लिहायला बसलोय. टाकव्याचा तरणा गडी, बांधावरून भाऊबंदाशी मारामारी, दुखापतीची फिर्याद. "म्या समदं सांगून टाकू का, भाऊ?" म्हणाला. म्हटलं, मामलेदारसाहेब विचारतील तेव्हा 'मला काही सांगायचं नाही' एवढंच म्हण. शाबीत करायचं काम फिर्यादीचं, तुझं नव्हे. कॉलेज अर्धवट सोडलेला तुमचा मुलगा आता वडगावच्या त्याच कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज लिहून देतो आणि वर तुमची वकिली उसनी सांगतो.

अजून डोळ्यांपुढे आहे, तळेगावच्या आपल्या ओसरीवर अशिलं बसलेली आहेत, तुम्ही पानाला चुना लावता लावता त्यांना समजावताय. चोरीचा आरोप असेल तर वस्तू उचलताना मनात काय होतं ते आधी बघायचं. मारामारी असेल तर पहिला हात कुणी टाकला. आणि दुसऱ्याच्या घरात शिरल्याची फिर्याद असेल तर नुसतं शिरणं पुरत नाही, हेतू वाईट होता हेही दाखवावं लागतं. मी आत पडल्या पडल्या ऐकायचो आणि कंटाळायचो. माझं सगळं लक्ष लोणावळ्याकडे, जिच्यावर जीव जडला होता तिच्या मामांच्या बंगल्याकडे.

त्या दुपारी मामा बाहेर गेले होते आणि तिनं कुंपणापाशी येऊन मला आत बोलावलं. मी मागच्या दारानं गेलो. गेल्या गेल्या सवयीनं टोपी काढून खुंटीला अडकवली. मामा लवकर परतले, मी पळालो, टोपी राहिली. तसली टोपी कुणाचीही असू शकली असती. त्यांनी पाठमोरा कुणीतरी पाहिला, संशय माझ्यावरच होता, आणि घरच्या माळ्याला साक्षीदार करून त्यांनी घरात शिरल्याची फिर्याद ठोकली.

खटल्याच्या आदल्या दिवशी आपण स्वयंपाकघरात जेवत होतो. तुम्ही विचारलंत, "टोपी खुंटीला कुणी लावली?"

"मीच."

तुम्हाला हसू आलं, मग ते गेलं. "चोर टोपी खुंटीला लावत नाही. पाहुणा लावतो. या एका मुद्द्यावर तू सुटशील. पण मग साहेब विचारतील, पाहुणा कुणाचा? तिचं लग्न ठरलंय. टोपीबद्दल मी बोलणार नाही, तूही नाही. कळलं?"

"बरं."

"बरं नको. हो म्हण."

"हो," म्हटलं. लग्नाचं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझा हात वरणभातात तसाच राहिला, ते तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही ताक मागत होतात.

दुसऱ्या दिवशी माळी पिंजऱ्यात उभा. तुम्ही विचारलंत, तेव्हा तू कुठं होतास?

"मी? इहिरीवर."

"तिथून मागचं दार दिसतं?"

"न्हाई जी. मदी गोठा हाय."

"मग याला आत जाताना पाहिलंस कसं?"

"मालक म्हनले, तू पायलंस. म्हनलं, पायलं असंल."

सगळं कोर्ट हसलं. मामलेदारसाहेबांनीही तोंडाला रुमाल लावला. केस तिथंच संपली होती. मग रिवाजाप्रमाणं त्यांनी मला विचारलं, तुला काही सांगायचंय? तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत, इतकी खात्री होती. आणि मी तिचं नाव घेऊन सांगितलं की तिनं बोलावलं म्हणून गेलो, चोर टोपी खुंटीला लावतो काय?

सुटलो. टांग्यात तुम्ही एवढंच विचारलंत, "जिंकलेली केस होती. का बोललास?" मी रस्त्याकडे बघत बसलो. तिचं लग्न मोडलं. तिला लांब कुठंतरी नातेवाइकांकडे पाठवलं, त्यानंतर कुणालाच काही कळलं नाही. तुम्ही मामांची माफी मागायला लोणावळ्याला गेलात, हे मला तुमच्याकडून नाही, त्या माळ्याकडून कळलं. "वकीलसायब लय येळ वट्ट्यावर उबं हुते. कुनी बसा म्हनलं न्हाई." माझ्या टोपीला त्या घरात खुंटी मिळाली होती, अण्णा. तुम्ही पगडी हातात धरून उभे राहिलात.

घरी मात्र कुणी विषय काढला की म्हणायचात, "पोराचं डोकं भडक आहे, तोल गेला." जाईपर्यंत तेच म्हणत राहिलात आणि त्यावर मला माफ केलंत. मीही तेच पांघरून बसलो. भडक डोक्याला लोक हसून सोडून देतात.

टांग्यातल्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. साहेबांनी विचारलं तेव्हा मला राग आलेला नव्हता. तिचं नाव घेतलं की ते लग्न मोडेल, एवढा हिशेब मी रात्रीच केला होता. हेतू होता, अण्णा. डोकं अगदी शांत होतं. तुम्ही असता तर हे लिहायची माझी छाती झाली नसती.